गवताला द्विदलाची जोड

(जालना जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जालना हे बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि संकरित बियाण्याच्या व्यवसायाने या शहराचे नाव दूरवर पोहोचविले. अशा या गावच्या पेठेत एखादा शेतकरी बरसीमचे किंवा स्टायलोचे किलोभर बी मागावयास गेला, तर ते त्याला कपाशीच्या बियाण्याइतके सहज मिळेल असे सांगता येत नाही. माणसाच्या अन्नाचे आणि वस्त्राचे बी आपण मोठ्या कष्टाने सुधारले. जनावराच्या तोंडचा घास मात्र आपण आजवर निसर्गावर आणि ज्वारीच्या ताटावर सोपविला. त्यातील ज्वारीचे ताट आता हातचे जात आहे, म्हणून या विषयाची निकड.

मराठवाड्यात वैरणीसाठी वेगळे पीक घ्यावे लागत नसे, कारण ज्वारी हेच वैरणीचेही पीक होते. कणीस माणसाला आणि कडबा जनावराला, असा हा सरळ हिशेब होता. घरापुढील कडब्याच्या सुडीवरून घराची ऐपत ओळखली जाई आणि सोयरीक जुळविणारेही तिकडे नजर टाकून येत. गेल्या तीन-चार दशकांत खरिपात कपाशी आणि सोयाबीन यांनी जागा घेतली. शेतकऱ्याने हे केले ते रोख पैशासाठी, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु कपाशीच्या पऱ्हाट्या जनावर खात नाही आणि सोयाबीनची गुळी कडब्याची बरोबरी करू शकत नाही. धान्य बाजारातून आणता येते. पाच जनावरांची वर्षभराची वैरण बाजारातून आणणारा शेतकरी मात्र फार काळ जनावरे ठेवू शकत नाही.

त्यातून दुष्काळ हा आपल्या घरचाच पाहुणा. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण ही सरासरी पाळण्याची सक्ती पावसावर नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसांना दुष्काळी कामांनी तारले; जनावरे मात्र मिळेल त्या किमतीला बाजार दाखवून विकावी लागली. पुढे ४० वर्षांनी, २०१२-१३ मध्ये, राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना झाली. चारा छावणी ही अशा वेळी आवश्यकच असते. तथापि छावणीत दिला जाणारा ऊस किंवा वाळलेला चारा जनावराचा जीव धरून ठेवतो, दूध देत नाही. ते का, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण माझा पुढील सर्व विषय त्यावर उभा आहे.

गाय-म्हैस स्वतः काडी पचवीत नाही. तिच्या पहिल्या पोटात अगणित सूक्ष्म जीव असतात व ते काडी पचवितात. या जीवांनाही अन्न लागते आणि त्यांचे मुख्य अन्न म्हणजे प्रथिनांतून मिळणारा नत्र. वैरणीच्या शुष्क भागात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः सात टक्क्यांच्या खाली गेले की हे जीव उपाशी पडतात, काडी पोटात रेंगाळते, पोट भरलेले राहते आणि जनावर खाणे कमी करते. म्हणजे गव्हाण भरलेली असताना जनावर अर्धपोटी राहते. आता आपल्या वैरणीकडे पहा. कडब्यात प्रथिने तीन-चार टक्के, आणि दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर, पिवळे पडल्यावर कापलेल्या डोंगरी गवतात दोन ते चार टक्के. उलट बरसीम, लसूणघास यांसारख्या द्विदल वैरणीत हे प्रमाण सतरा ते वीस टक्के असते. कडब्याला किंवा गवताला द्विदलाची थोडी जोड मिळाली की द्विदलाचे पोषण तर मिळतेच, शिवाय तोच निकृष्ट कडबाही अधिक पचतो. ही दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. माणसाच्या जेवणात भाकरीबरोबर वरण का हवे, हे ज्या घरात कळते त्या घरात गोठ्याचा हा हिशेब कळण्यास अडचण पडू नये.

जगाने हे फार पूर्वी ओळखले. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत गवताबरोबर क्लोव्हर हे त्रिदळी पानांचे द्विदल पेरण्याची रीत पसरली आणि पडीक ठेवावयाची जमीन जनावरांच्या व पिकांच्या कामी आली. यामागचे कारण शास्त्राला पुढे कळले. १८८६ साली हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी द्विदलाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र वापरतात हे दाखविले, आणि १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. न्यूझीलंडने तर आपला सारा दुग्धव्यवसाय रायगवत आणि पांढरे क्लोव्हर यांच्या मिश्र कुरणावर उभा केला. लाल क्लोव्हरला तेथे बी धरेना, कारण त्या फुलांत सोंड पोहोचविणारी भुंग्याच्या जातीची मोठी मधमाशी तेथे नव्हती. ती १८८५ साली इंग्लंडहून मुद्दाम नेऊन सोडण्यात आली. एका चाऱ्याच्या बियाण्यासाठी समुद्रापलीकडून मधमाश्या नेणारे लोक होते!

हे क्लोव्हर थंड हवेचे, आणि आपल्याकडील वैशाखात ते तग धरणार नाही. पण त्याचे एक भावंड आपल्याला मानवते, ते म्हणजे बरसीम. हे मूळचे मिसरचे. १९०४ साली ते सिंधमध्ये आणले गेले. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, तेव्हा बरसीमचे भारतातील पहिले पाऊल आपल्याच जुन्या इलाख्यात पडले असे म्हणावयास हरकत नाही. तेथून ते पंजाबात व उत्तर हिंदुस्थानात गेले आणि तिकडच्या म्हशींच्या दुधाचा आधार बनले.

जालना जिल्ह्यात बरसीम कोठे घ्यावे? मी प्रथमच सांगतो की सर्वत्र नव्हे. हे पाणी मागणारे पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी करून मार्च-एप्रिलपर्यंत दर आठ-बारा दिवसांनी पाळी द्यावी लागते. ज्याच्या विहिरीचे पाणी माघ महिन्यात तळ गाठते त्याने याच्या वाटेला जाऊ नये. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतील भारी काळ्या जमिनी, किंवा बारमाही विहीर, हे याचे क्षेत्र. लसूणघासाची मुळे चिबाड जमिनीत कुजतात. बरसीम भारी जमीन त्यामानाने सहन करते. आणि क्षेत्र एकराचे नको, गुंठ्यांचे पुरे. हेक्टरी ५० टन हिरवी वैरण हे बेताचे उत्पादन धरले, तर दहा गुंठ्यांतून हंगामात सुमारे ५० क्विंटल मिळते. कापण्या चालू असतात ते चार महिने हिशेबात घेतले तर रोज ४० किलो, म्हणजे दोन दुभत्या जनावरांना प्रत्येकी २० किलो, होते. बाकीचे पोट कडब्याने भरावे. सरकी पेंडेचा खर्च यातून किती कमी होतो, ते ज्याचे त्याने आपल्या वहीत मांडून पाहावे.

पेरणीच्या तपशिलात तीन ठिकाणी घसरण होते. पहिले ठिकाण बियाण्यातील भेसळ. बरसीमच्या बियांत कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. एक किलो मीठ दहा लिटर पाण्यात विरघळवून त्यात बी टाकले की कासनीचे हलके बी तरंगते. ते काढून टाकावे व खाली बसलेले बी साध्या पाण्याने धुवावे. दुसरे ठिकाण जिवाणू संवर्धन. ज्या शेतात पूर्वी बरसीम झाले नाही तेथे त्याच्या गाठीचा जिवाणू नसतो. चवळीचे किंवा हरभऱ्याचे संवर्धन त्याला चालत नाही, बरसीमचेच हवे. ते न लावता पेरलेले पीक पिवळट, खुरटे राहते आणि मग 'आमच्या जमिनीला हे पीक मानवत नाही' असा निष्कर्ष गावभर होतो. तिसरे ठिकाण पहिली कापणी. बरसीम आरंभी सावकाश वाढते, पहिल्या कापणीला पन्नास-साठ दिवस लागतात आणि ती हलकी येते. यासाठी बरसीमबरोबर थोडे ओट किंवा हेक्टरी दीड-दोन किलो मोहरी मिसळून पेरावी, म्हणजे पहिल्याच कापणीत विळा भरून चारा मिळतो. पुढील कापण्या पंचवीस-तीस दिवसांनी. बियाणे हेक्टरी २५ ते ३० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांना अडीच-तीन किलो. स्फुरद मात्र भरपूर द्यावे, हेक्टरी ८० किलोपर्यंत. नत्र २० किलो आरंभाला दिले की पुढचे काम गाठी करतात.

ओटाची जोड आणखी एका कारणाने हवी. भुकेल्या जनावराला दहिवर पडलेले कोवळे बरसीम मनसोक्त खाऊ दिले तर पोटफुगी होते आणि तासा-दोन तासांत जनावर दगावू शकते. आधी थोडा कडबा द्यावा, मग बरसीम, आणि तेही सुकवून व कुट्टीत मिसळून. डावी कूस फुगलेली दिसताच गोडेतेल पाजून पशुवैद्यकाला बोलवावे, वाट पाहू नये.

लसूणघासाबद्दल अधिक सांगत नाही, कारण तो आपणास ठाऊक आहे. निचऱ्याच्या जमिनीत तो बरसीमपेक्षा टिकाऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण प्रसिद्ध आहे. बियाण्याबरोबर अमरवेल शेतात शिरत नाही ना, एवढे पाहावे. शिरलीच तर तो तुकडा जागेवर जाळावा.

आता खरा प्रश्न. भोकरदन, जाफराबादकडच्या डोंगरउतारांचे, मंठ्याच्या माळांचे, गावोगावच्या गायरानांचे काय? तेथे पाटाचे पाणी नाही आणि बरसीम नाही. तेथील पावना, शेडा, मारवेल, डोंगरी ही गवते उत्तम होती. अतिचराईने चांगली गवते मुळासकट गेली आणि कुसळी तेवढी उरली, जी जनावर कोवळी असतानाच खाते आणि नंतर तिची कुसळे तोंडाला टोचतात म्हणून टाळते. अशा जमिनीत क्लोव्हरची जागा घेणारे कोरडवाहू द्विदल म्हणजे स्टायलो. मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले हे झुडूप ऑस्ट्रेलियाने कुरणांत वापरले. तेथे १९७० च्या दशकात एका करपा रोगाने टाउन्सव्हिल नावाच्या एकाच जातीवर उभी असलेली कुरणे उद्ध्वस्त झाली. म्हणून आपण हमाटा व स्काब्रा अशा दोन जाती मिसळून पेराव्यात आणि आपले देशी रानमूग दिसतील तेथे राखावेत. स्टायलो मुरमाड, हलक्या जमिनीत चालते. भारी काळ्या जमिनीच्या कुरणात गोकर्ण अधिक बरे. देवपूजेसाठी कुंपणावर लावतो तोच गोकर्णाचा वेल. त्याचा पाला जनावरे आवडीने खातात.

स्टायलोचे बी कठीण कवचाचे असते. ८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून, गार करून, सावलीत सुकवून पेरावे. पाणी उकळते नको, नाही तर बी शिजते. गवताचे बी ताजे असल्यास उगवत नाही, मागील वर्षाचे घ्यावे. चांगला पाऊस पडून ओल झाल्यावर, ओल्या मातीत कालवून, एक ओळ गवताची व एक ओळ स्टायलोची अशी वरचेवर पेरणी करावी. बी सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेले तर वर येत नाही. पहिल्या वर्षी स्टायलो दिसतही नाही आणि लोक हसतात. दुसऱ्या पावसाळ्यात ते गवताबरोबर उभे राहते. पावसाळ्यात जनावर कोवळे गवत निवडते व स्टायलोला तोंड कमी लावते; पुढे गवत वाळू लागले की हिरव्या स्टायलोकडे वळते. आपल्याला द्विदलाची गरज असते तीही त्याच महिन्यांत. उजाड गायरानात हेक्टरी टन-दीड टन वाळलेला चारा निघतो. राखलेल्या मिश्र कुरणात चार-पाच टन निघणे अवघड नाही.

परंतु चांगले पिकलेले गवतही आपण वेळ चुकवून वाया घालवितो. दिवाळी झाली, कपाशीच्या पहिल्या वेचण्या उरकल्या, मजूर मोकळे झाले, मग गवत कापणे, हा आपला परिपाठ. तोवर सत्त्व बियांबरोबर जमिनीवर गेलेले असते. गवत फुलोऱ्यावर येऊ लागताच, भाद्रपद-आश्विनात, कापले पाहिजे. अडचण परतीच्या पावसाची आहे, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे सगळे एकदम न कापता उघडीप पाहून दोन-दोन दिवसांचे काम कापावे, आणि तीन बांबूंची तिवई करून त्यावर गवत सैल टाकावे, म्हणजे खालून वारा खेळतो व सरीने भिजलेले पुन्हा सुकते. द्विदल मिसळलेले गवत भर दुपारी उलथू नये. पाने कुरकुरीत होऊन गळतात आणि हाती काड्या राहतात, आणि प्रथिने तर पानांतच असतात. सकाळी दहिवर असताना उलथावे. पेंढी पिळली असता हाताला ओल लागू नये, काडी तुटावी, पण पान चुरगळू नये. या वेळी ओलावा पंधरा टक्क्यांच्या जवळ आलेला असतो. त्याआधी गंज रचली तर आत ती तापते, बुरशी येते, क्वचित पेटही घेते.

बरसीमचे हिरवे शंभर किलो वाळून वीस किलोही भरत नाही, इतके त्यात पाणी. म्हणून थंडीत ते वाळविण्याच्या भानगडीत पडू नये, हिरवेच खाऊ घालावे. शेवटची मार्चमधील कापणी मात्र उन्हाच्या कडाक्यात दोन-तीन दिवसांत वाळते. ती कडब्याच्या थराआड थर अशी रचली तर उरलीसुरली ओल कडबा शोषून घेतो आणि ज्येष्ठात, जेव्हा बांधावर काडी नसते, तेव्हा हा साठा सोन्याच्या मोलाचा ठरतो.

हे झाले शेतीशास्त्र. गायरानाचा प्रश्न शास्त्राने सुटणारा नाही, तो आपण पंचायतीत बसून सोडवावयाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवली जाते. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल कडक निर्देश दिले. दुसरीकडे मराठवाड्यात भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या गायरान कसून पोट भरले आहे. त्यासाठी त्यांनी सत्याग्रह केले, तुरुंगवास सोसला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला होता, हेही विसरता येत नाही. कुरणविकासाच्या नावाने अशा कुटुंबाला उठवून तारेचे कुंपण घालावयाचे, आणि आतले गवत चार मोठ्या गोठ्यांनी न्यावयाचे, असा विकास मी सुचवीत नाही. असल्या कुंपणाची तार महिन्याभरात तुटते आणि ती तुटावी यात मला आश्चर्य वाटत नाही.

सुचवितो ते एवढेच. मोकळे असेल तेवढ्या गायरानाचे तीन भाग करावेत व एका वर्षी एकच भाग पेरून बंद ठेवावा, उरलेले दोन चराईला खुले. ज्याच्याजवळ चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याची वाट एका रात्रीत बंद होऊ नये. बंद भागात जनावर जाणार नाही, विळा जाईल. म्हणजे गवत कापून न्यावयाचे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ग्रामसभेतून पाळून दाखविली, आणि डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेण्याची रीत बसविली. आपल्या जिल्ह्यातही सामूहिक निर्णयाचे उदाहरण आहे. कडवंचीचा पाणलोट विकास १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्याने झाला, आणि आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. गाव एकदिलाने चरांच्या कामाला लागू शकते, तर गवताच्या राखणीलाही लागू शकेल. कापणीचा पहिला हक्क भूमिहीनांना, भारा नाममात्र दराने, आणि उरेल त्याचाच लिलाव, हा ठराव ग्रामसभेत, बायका हजर असताना व्हावा, कारण भारा डोक्यावर त्याच आणतात आणि कोणत्या ओघळीला कोणते गवत आहे ते त्यांनाच ठाऊक असते. ठराव करूनही पहिल्या पावसाळ्यात दोन-चार वेळा कोणी तरी गुरे घालणारच. तो बहुधा गावातला वजनदार माणूस असेल. त्याच्याकडून दंड वसूल झाला तर योजना टिकेल.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. बरसीम वा चवळीचे रोप पावशीने मातीसकट उपटून मुळे धुवावीत आणि वर्गात एक गाठ नखाने फोडून दाखवावी. आत गुलाबी असेल तर गाठ काम करीत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. मुलगा घरी जाऊन बापाच्या शेतातली गाठ फोडून पाहील. संवर्धनाच्या पाकिटाचा आग्रह आम्ही अधिकाऱ्यांनी धरण्यापेक्षा त्याने धरलेला अधिक उपयोगी पडेल.

शेवटी पुन्हा बियाण्याकडे येतो. बरसीमला आपल्या हवेत उन्हामुळे बी बेताचेच धरते. ते मुख्यतः उत्तरेकडून आणावे लागेल आणि त्याची मागणी पंचायत समितीमार्फत पोळ्याच्या सुमारास एकत्र नोंदविली तरच कार्तिकात हाती येईल. स्टायलोचे तसे नाही. आंध्र प्रदेशातील अनंतपूर या आपल्यासारख्याच अवर्षणग्रस्त जिल्ह्यात लहान शेतकरी स्टायलोचे बी पिकवितात. बी पिकून जमिनीवर गळते, मग झाडे कापून घेतात, जमीन झाडून बी गोळा करतात, पाखडतात आणि विकतात. याला ना मोठे यंत्र लागते ना बारमाही पाणी. लागतो खराटा, सूप आणि पौष महिन्यातील मोकळे हात. आपल्या तालुक्यांतील दोन गावांनी गायरानाचा एकेक तुकडा यासाठी राखला, तर चार-पाच वर्षांत शेजारच्या गावांना पुरेल इतके बी येथेच निघू लागेल आणि जालन्याच्या पेठेत ते विकावयासही ठेवता येईल.